नत्थुजीचा कान

पातुरात मला भैऱ्या शेषराव म्हणतात. भैऱ्या म्हणजे बहिरा. चौऱ्याहत्तरी उलटली तरी माझे कान शाबूत आहेत. चुलीवरचं दूध उतू जायच्या बेतात आलं की मला ओसरीवर कळतं, आणि चुलीपुढे बसलेल्या सुनेला कळत नाही. पण नाव पडलं ते पडलं. नातवंडंसुद्धा माझ्याशी ओरडून बोलतात, आणि मी चिडलो की त्यांना वाटतं म्हाताऱ्याला आत्ता कुठे ऐकू आलं. हे नाव मी माझ्याच तोंडाने ओढवून घेतलं, अडतीस सालच्या वैशाखात, अकोल्याच्या जुन्या शहरात. कसं, ते आजवर कुणाला सांगितलं नाही. ज्यांच्यासाठी गप्प राहिलो त्यांच्यापैकी आता कुणी उरलं नाही, तेव्हा सांगायला हरकत नसावी.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मोठे साहेब नागपूरला बसत. पातुरात मोटार एकच, किसनराव पाटलांची, आणि तिचा ड्रायव्हर मी. काळी, सहा सिलिंडरची, पुढे पितळी कडांचे दोन मोठे दिवे. पाटलांची काळ्या मातीची जमीन दोन शिवारांत पसरलेली होती, पण कपाशीपेक्षा त्यांचा जीव या गाडीत, आणि गाडीपेक्षा सत्यवतीत. सत्यवती त्यांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली. ती अकोल्याच्या शाळेत होती तेव्हा दर शनिवारी तिला आणायला आणि दर सोमवारी पोचवायला मीच जात असे. येताना ती मागच्या सीटवर बसून रस्त्यातली गावं मोठ्याने म्हणायची आणि एखादं चुकलं की मी पुढून दुरुस्त करायचा. तिचं लग्न अमरावतीला ठरलं तेव्हा पाटील म्हणाले होते, पोरगी माझ्या गाडीतून जाईल आणि गाडी शेषराव हाकेल. त्या एका वाक्यावर मी दोन महिने हवेत होतो. खाकी कोट शिवायला टाकला होता. डोक्याला नवा फेटाही घेऊन ठेवला होता.

माझा स्वभाव तापट. गाडीचं पाणी उकळायच्या आधी शेषरावचं डोकं उकळतं, असं पाटील चारचौघांत म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. एवढ्यासाठी सांगितलं की पुढे जे झालं त्याला निम्मं कारण हा स्वभाव आहे.

गाडीचं काही दुखलं-खुपलं तर जायचं ठिकाण एकच होतं, अकोल्यात मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात नत्थुजीचा कारखाना. कारखाना म्हणजे कडुनिंबाखाली टिनाची शेड आणि चार लाकडी खांब. नत्थुजी उंच, वाळलेला माणूस, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. आधी बरीच वर्षं कापसाच्या जिनात इंजिन सांभाळायचा, मग मोटारींकडे वळला. त्याचं नाव झालं होतं ते त्याच्या कानामुळे. बाळापूर, मूर्तिजापूर, कुठून कुठून लोक गाडी घेऊन येत आणि म्हणत, नत्थुजीच्या कानाखालून काढून आणली म्हणजे निर्धास्त. बाकीचे मिस्त्री इंजिन उघडून दोष शोधत. नत्थुजी न उघडता सांगायचा.

त्याची पद्धत ठरलेली होती. इंजिन चालू करायला लावायचा, हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. मजा म्हणजे तो इंजिनाकडे बघायचाच नाही. उजव्या हाताच्या खांबाकडे बघत राहायचा. त्या खांबाला टेकून त्याची बायको मैनाबाई बसलेली असे. डोक्यावरून पदर, पुढ्यात मोगऱ्याची नाहीतर झेंडूची टोपली, आणि बोटं सारखी गजरा ओवण्यात. तिचं माहेर चांदूर बाजारचं. भावांची फुलांची आणि भाजीपाल्याची बाग होती, तिथून माल यायचा आणि ती देवळांना नि लग्नघरांना पुरवायची. थोड्या वेळाने नत्थुजी मान हलवायचा आणि म्हणायचा, तिसऱ्याचा व्हॉल सैल आहे, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह. उघडून बघावं तर तिसऱ्याचाच.

मला तो माणूस आवडत नसे. मागून हाक मारली तर वळायचा नाही. समोर बोलायला लागलं तर तुमच्या तोंडाकडे असा टक लावून बघायचा की आपल्या मिशीला भाकर चिकटली आहे की काय असं वाटावं. दोन शब्दांच्या वर बोलायचं नाही. मी मनात म्हणायचा, कान चांगला म्हणून एवढी घमेंड. नवराबायकोही एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. पण त्यात कुणालाच वावगं वाटलं नाही. गिऱ्हाईक समोर असताना बाईने नवऱ्याशी बोलायची रीतच नव्हती तेव्हा. माझ्या आईने जन्मात कधी बापाला थेट हाक मारली नाही, ‘तुह्या बापाले सांग’ असं माझ्यामार्फतच बोलायची. तर मैनाबाई हळूच बोटाने काही खुणावते आणि नत्थुजी बघतो, हे पाहून आम्ही उलट म्हणायचो, बाई मोठी मर्यादेची.

वर्षातून एकदा नत्थुजी टायमिंग चेनची ढील बघायचा. इंजिनाच्या पुढच्या झाकणाआड ही साखळी असते, खालच्या चाकावरून वरच्या चाकावर फिरते आणि व्हॉल कधी उघडायचे, कधी मिटायचे ते सांभाळते. फार वापरली की ती लांबते, सैल पडते, आणि एखाद्या दिवशी दात सोडून उडी मारते. मग गाडी रस्त्यात मेली म्हणून समजा. झाकण न खोलता ढील बघायची नत्थुजीची युक्ती होती. प्लग काढून इंजिन हलकं करायचं. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, म्हणजे आतला रोटर दिसतो. रोटर फिरतो तो त्या साखळीच्या जोरावर. मग नत्थुजी रेडिएटरखाली उकिडवा बसून पुलीच्या नटाला मोठा पाना लावायचा. गाडी चालू करायचं हँडल उलटं फिरत नाही, म्हणून पाना. आधी सुलट फिरवून साखळी ताणून घ्यायची, पुलीवर खडूची रेघ मारायची, आणि मग अगदी हळू उलट फिरवत न्यायचं. रोटर हलेपर्यंत पुली जेवढी मोकळी फिरली तेवढी ढील. अर्धं बोट असली तर चालते, एक बोट झाली की साखळी बदला. मोजायला त्याच्याजवळ पट्टी नव्हती, स्वतःचं बोटच.

खाली बसलेल्याला रोटर दिसत नाही. तो बघायला दुसरं माणूस लागतं, आणि ते मैनाबाई असायची. पदर सावरून ती बॉनेटमध्ये डोकावायची, आणि रोटर हलला की तोंडाने बोलायची नाही, मडगार्डवर टिचकी मारायची. नत्थुजीचा डावा पंजा तेव्हा मडगार्डवर टेकलेला असायचा. हे मी तीन वर्षं डोळ्यांनी बघितलं आणि तीन वर्षं मला काही कळलं नाही.

त्या वैशाखात लग्नाला दहा दिवस उरले असताना गाडीत आवाज सुरू झाला. इंजिन हळू चालताना पुढच्या बाजूने, डब्यात हरभरे घालून हलवल्यासारखा. चेनच, मला शंका राहिली नाही. मी तडक अकोल्याला गेलो. खांबापाशी कुणी नव्हतं. मैनाबाई कुठे गेल्या असं मी विचारलं तर नत्थुजीने पाठ फिरवून पाना पुसायला घेतला. पलीकडच्या कांदेवालीने सांगितलं, भाचीच्या लग्नाला चांदूर बाजारला गेली, आठ दिवस येत नाही.

इंजिन चालू केलं. नत्थुजी हात मागे बांधून उभा राहिला. सवयीने त्या खांबाकडे बघितलं, मग जमिनीकडे, मग माझ्या तोंडाकडे. त्याच्या कपाळावर घाम आला होता. वैशाखात कुणाला येत नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, काही आवाज नाही, घेऊन जा.

माझं डोकं फिरलं. मी त्याला नको नको ते बोललो. नाव झालं म्हणून आता गाडी ऐकायचेही कष्ट होत नाहीत, पोरीचं लग्न आहे, वाटेत गाडी बसली तर तुझं काय जाणार, असं बरंच. तो पाठमोरा होऊन पाने जागेवर लावत होता. मी पातूर येईपर्यंत त्याला शिव्या देत आलो, आणि इंजिन माझ्या प्रत्येक शिवीखाली हरभरे वाजवत आलं.

घरी येऊन पाटलांना सगळं सांगितलं, थोडं तिखट-मीठ लावूनच. पाटील माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या पोटात काही राहत नसे आणि त्यांचा शब्द बाजारात चाले. पाच मिनिटं ते पानदानाशी चाळा करत बसले आणि मग म्हणाले, “परवा मी सोता येतो. आवाज असून नाई म्हणत असन, तर पातूर-बाळापूरची एक मोटार त्याच्या दारी जाऊ देत नाई.” दुसऱ्या दिवशी बस्त्याचं कापड आणायला मला गाडी घेऊन अकोल्यात जायचं होतं, मुक्काम करायचा होता. पाटील तिसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीने, म्हणजे भाड्याच्या बसने, येणार होते. मी खूष झालो. खोटं कशाला बोलू, नत्थुजीची खोड मोडणार याचा मला त्या रात्री फार आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गाडी त्याच्या शेडमध्ये नेऊन उभी केली. त्याच्या समोर गेलो आणि म्हटलं, कानाचं राहू द्या, आज चेनची ढील मोजून दाखवा, उद्या पाटील येणार आहेत. पाटलांचं नाव ऐकून, म्हणजे माझ्या ओठांवर वाचून, हे मला नंतर कळलं, तो जरासा थबकला. मग मुकाट्याने प्लग काढले, टोपी काढली, मला रोटरवर नजर ठेवायची खूण केली आणि खाली बसला.

मी बॉनेटमध्ये डोकं घालून बघत राहिलो. खाली पाना करकरला. रोटर हलला. मी म्हटलं, हाललं. पाना फिरतच राहिला. मी पुन्हा म्हटलं, हाललं ना. रोटर चांगला पाव फेरा उलटा गेला तरी पाना फिरतोच आहे. मला वाटलं मुद्दाम चाललंय, मला वेड्यात काढतोय. रागाने मी उजव्या बाजूला गेलो, ड्रायव्हरच्या दाराशी लावलेला रबरी हॉर्न होता तो दोन्ही हातांनी दाबला. कडुनिंबावरचे कावळे उडाले. पलीकडची कांदेवाली दचकून उभी राहिली. आणि हॉर्नपासून चार हातांवर बसलेला नत्थुजी मान खाली घालून पाना फिरवत होता.

मी समोर गेलो. त्याचा डावा पंजा मडगार्डवर पालथा टेकलेला होता, बोटं पसरलेली. तो टिचकीची वाट बघत होता.

तेव्हा मला सगळं एकदम समजलं. तो खांबाकडे का बघायचा, तोंडाकडे का बघायचा, हाकेला का वळत नसे. आणि बारा गावचे लोक ज्याच्यावर गाड्या सोपवत होते तो कान कुणाचा होता, तेही समजलं. मी तिथेच मातीत त्याच्यासमोर बसलो. त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि पाना हळूच खाली ठेवला.

“समजलं काय तुले?” तो म्हणाला.

मी मान हलवली. मग त्याने थोडक्यात सांगितलं. जिनात बॉयलरचा पाइप फुटला होता, तो जवळच उभा होता. अंगाला काही झालं नाही, कान मात्र गेले. बारा वर्षं झाली त्याला. इंजिनाचं काम हाताला होतं, ते सोडलं तर दुसरं काही येत नव्हतं, म्हणून मोटारी घेतल्या. मैनाबाईला इंजिनाचं काही कळत नव्हतं. त्याने एकेक आवाज मुद्दाम बिघडवून तिला ऐकवला, व्हॉल सैल करून, बेअरिंग कोरडं ठेवून, आणि ती प्रत्येकाला एक खूण ठरवत गेली. वर्षभरात तिचा कान तयार झाला. आता जाताना ती बजावून गेली होती की आवाजाचं काम घेऊ नका, टायरट्यूबचं करा. पण पाटलांच्या गाडीला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्याने अंदाजाने सांगितलं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

मी त्याला सावकाश, ओठ नीट हलवून विचारलं, उद्या पाटलांना काय सांगणार?

“खरं सांगतो. मले आयकू येत नाई म्हणून सांगतो. आता कावून लपवू?”

मला माहीत होतं त्याचा अर्थ काय. पाटील ते ऐकून हळहळले असते, आणि संध्याकाळपर्यंत हळहळतच गावभर सांगितलं असतं. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण टाकणार? बायकोच्या कानावर चालतो म्हटल्यावर तर लोकांनी हसून शेड बंद पाडली असती. आणि हे सगळं माझ्या चुगलीने. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी म्हटलं, ते उद्याचं उद्या बघू, आधी ढील मोजू. या वेळी मी मडगार्डवर टिचकी मारली. पाना जागच्या जागी थांबला. रेघ एका बोटाच्याही पुढे सरकली होती.

एका मोडक्या गाडीची त्याच मापाची साखळी त्याने तेलात बुडवून ठेवली होती, फारशी न वापरलेली. दिवसभर आम्ही दोघांनी काम केलं. रेडिएटर उतरवला, पुली काढली, झाकण खोललं. हत्यारं इतकी तापली होती की ओल्या गोणपाटात गुंडाळून धरावी लागत. जुनी साखळी काढून त्याने माझ्या हातात आडवी धरायला दिली, ती दोन्हीकडून लोंबली. दोन्ही चाकांवरचे ठिपके समोरासमोर आणून त्याने दुसरी चढवली, जाड कागदाचं पॅकिंग कापून साबण लावून बसवलं. काम करताना तो बोलायचा नाही, पण मी आता त्याच्या समोरच्या बाजूने हत्यार देत होतो, मागून नाही. ऊन उतरायच्या वेळी पुन्हा मोजलं. मी टिचकी मारली, त्याने उठून मला अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये फट करून दाखवली. अर्ध्या बोटाहून कमी. मी विचारलं, एवढी तरी कशाला राहू दिली? तो म्हणाला, थोडी ढील पाहिजेच, नाहीतर ताणून तुटते. मग ती फट तशीच धरून म्हणाला, “इतकी असली का मंग चालते.”

पाटील दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आले. घाम पुसत खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, चालू कर. मी चालू केलं. इंजिन असं चाललं की बॉनेटवर ठेवलेलं पाण्याचं फुलपात्र हललं नाही. पाटलांनी कान जवळ नेला, मग दुसरा कान नेला, मग माझ्याकडे बघितलं.

“कोठी हाये आवाज?”

नत्थुजी हात मागे बांधून उभा होता. त्याने पाटलांचे ओठ बघितले, माझा चेहरा बघितला, आणि एक पाऊल पुढे येऊन म्हणाला, “पाटील, मले...” त्याला मी पुढे बोलू दिलं नाही. पाटलांच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिलो, नत्थुजीकडे पाठ करून, म्हणजे मी काय बोलतो ते त्याला दिसू नये.

म्हटलं, “आवाज नव्हताच पाटील. माह्याच कानाची चूक झाली. हल्ली मले जरा कमीच आयकू येते.”

पाटील माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना राग आला नाही, तेच वाईट झालं. त्यांना काळजी वाटली. म्हणाले, भैरा झाला काय बे शेष्या, आणि लगेच त्यांच्या मनात दुसरा विचार आला तो मला त्यांच्या तोंडावर दिसला. हॉर्न ऐकू न येणाऱ्या माणसाच्या हाती पोरीला द्यायचं कसं? हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एक क्षण वाटलं, सगळं सांगून टाकावं. मागे वळून बघितलं तर नत्थुजी माझ्या पाठीकडे बघत उभा होता, काय चाललंय ते न कळून. मी गप्प बसलो.

सत्यवतीला अमरावतीला नेलं ते पाटलांच्या एका मित्राच्या ड्रायव्हरने. माझा खाकी कोट त्याला सैल होत होता, तरी घालायला दिला. मी मागून सर्व्हिस मोटारीत रुखवताच्या सामानासोबत गेलो. बडनेऱ्याच्या पुढे रस्ता सरळ आहे, तिथे लांबून आमची काळी गाडी दिसत होती, एकसारखी चाललेली. मला रडू आलं, आणि शेजारच्या बाईला वाटलं सामानाला पाय लागला. गाडी वाटेत कुठे थांबली नाही, एवढं मात्र मी मनाशी धरून ठेवलं.

पुढे महिन्याभरात त्या बदली ड्रायव्हरने गाडी दोनदा नाल्यात घातली, तेव्हा पाटलांना भैराच बरा वाटला. काम परत मिळालं. नाव मात्र सुटलं नाही.

मैनाबाई परत आल्यावर मी शेडमध्ये गेलो तेव्हा चार गिऱ्हाइकं बसलेली होती. माझं नवं नाव तिच्या कानावर आधीच आलं होतं, आणि ते का पडलं हे त्या दोघांनी ओळखलं होतं. मला वाटलं होतं ती नेहमीसारखी पदर ओढून गजरा ओवत बसेल. तिने टोपली बाजूला ठेवली, उभी राहिली, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “शेषरावभाऊ, पाणी पेता काय?” मी म्हटलं, ऐकू येतं वैनी. त्यावर तिने आणखी मोठ्याने विचारलं. चेहरा गंभीर, पण पदराच्या आड डोळे हसत होते. गिऱ्हाइकांना वाटलं, बाई कनवाळू आहे, भैऱ्या माणसासाठी मर्यादा मोडली बिचारीने. त्यानंतर दहा वर्षं ती माझ्याशी अशीच ओरडून बोलली. मुलांची चौकशी, पावसाची बातमी, कोबीचा भाव, सगळं टिपेच्या सुरात. खऱ्या बहिऱ्याशी बोटांनी गुपचूप आणि खोट्या बहिऱ्याशी गल्ली दणाणून. मी चिडायचा, आणि मी चिडलो की नत्थुजी खांबाकडे बघून हसायचा. ते दिवस आठवले की मला अजून वाटतं, उठावं आणि मोर्णा ओलांडून जावं.

लढाईत पेट्रोलची टंचाई आली, पाटलांची गाडी दोन वर्षं विटांवर उभी होती. लढाई संपली, साहेब गेले. अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात मैनाबाईला ताप आला आणि तीन दिवसांत ती गेली. मला कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. गेलो तर शेडला फळ्या लावलेल्या. लोक म्हणाले, बायको गेल्याचा धसका घेतला, काम सोडलं. काम का सुटलं ते सगळ्या अकोल्यात मला एकट्याला माहीत होतं.

नत्थुजी त्या खांबापाशी बसला होता. तिच्या जागेवर. मी समोर जाऊन बसलो. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघत विचारलं.

“माहे कान गेले तवा ते बावीस वर्साची होती. तवाचा आवाज ध्यानात हाये. मंग कायी आयकला नाई. तुह्यासंगं ओरडून बोले म्हणे, सारी गल्ली आयके. शेवटी शेवटी कसा झाला होता गा तिचा आवाज?”

मला सांगायचं होतं. तो आवाज वयाने जाड झाला होता, किंचित फाटला होता, पण ‘भाऊ’ म्हणताना वर चढायचा तो तसाच चढायचा. पण ज्याला ऐकू येत नाही त्याला हे शब्दांत कसं सांगायचं? मी हात वर केला, साखळी बदलल्यावर त्याने दाखवली होती तशी अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये फट केली आणि त्याच्यापुढे धरली.

त्याने ती बराच वेळ बघितली. मग स्वतःचं बोट त्या फटीत घालून बघितलं, पुलीवरच्या रेघेला लावायचा तसं, अगदी हळू.

“अर्धं बोट,” तो म्हणाला.

मी मान हलवली.

“मंग चालते,” म्हणाला, आणि खांबाला टेकून बसून राहिला.